मी ‘हो’ कधी म्हटलं?

बाबा कॉम्प्युटरसमोर बसून होते. दोन्ही हात मांडीवर, चष्मा कपाळावर सरकवलेला. पडद्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट चाललेलं. २७ टक्के असा आकडा आणि त्याखाली ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ अशी एक ओळ. रोज सकाळी दोन तास ते त्यांच्या वडिलांच्या डायऱ्या टाइप करतात. स्कॅनरवर एकेक पान घ्यायचं, ते पडद्याच्या डाव्या बाजूला उघडून ठेवायचं आणि उजवीकडे टाइप करत जायचं, ही त्यांची पद्धत. त्या दिवशी मी त्यांच्याकडे मुक्कामाला होते. मी उठून बाहेरच्या खोलीत आले तेव्हा त्यांना तसं बसून पाऊण तास झाला होता. मधल्या वेळात उठून दुसरं काही करावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ‘बंद करू नका’ असं लिहिलंय, म्हणजे कुणीतरी राखणीला बसायला हवं, असं त्यांनी धरलं होतं.

माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “अगं, मी याला ‘हो’ कधी म्हटलं?”

मला उत्तर देता आलं नाही. खरं तर मला ते यायला हवं होतं, कारण अकरा वर्षं मी याच कामात काढली आहेत. घरगुती कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या लोकांच्या घरी पोचवणं, हे माझं काम होतं. ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा ती फार लहान गोष्ट, पण पोचवण्याची रीत तीच. लाखो घरांत रात्रीतून काहीतरी बदलायचं आणि सकाळी कुणी ओरडत नाही ना हे पाहायचं. त्या अकरा वर्षांत बाबांचा हा प्रश्न मला कुणी इतक्या साधेपणाने विचारला नव्हता.

पूर्वी हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं, कारण ‘हो’ म्हणायला हात लागत. २४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ बाजारात आलं, तेव्हा ज्यांच्याकडे सीडी ड्राइव्ह नव्हता त्यांच्यासाठी ते फ्लॉपींवर मिळत असे. तेरा फ्लॉपी! एरवीच्या फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे. इथे खास पद्धतीने फॉरमॅट करून एकेका फ्लॉपीत जवळजवळ १.७ एमबी भरलेले होते, नाहीतर त्या आणखी वाढल्या असत्या. एक फ्लॉपी वाचून झाली की कॉम्प्युटर थांबायचा आणि पुढचीचा नंबर सांगून ती मागायचा. आम्ही दोघांनीही असंच एक अपग्रेड मिळून केलेलं आहे. मी शाळेत होते. बाबा पडद्यावरचा नंबर मोठ्याने वाचायचे, मी ती फ्लॉपी शोधून आत सरकवायची, मग ड्राइव्हची ती करकर ऐकत दोघंही गप्प. प्रत्येक फ्लॉपीपाशी थांबता येत होतं. आता विचार केला की वाटतं, तेवढ्या वेळा आम्ही ‘हो’ म्हणत होतो.

आणि ‘नाही’ म्हटलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. जुनी सिस्टिम जशी होती तशी चालत राहिली असती. घरचा कॉम्प्युटर तेव्हा चार भिंतींच्या आतला होता, आणि त्याचं जुनेपण दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागत नव्हतं.

इंटरनेट आलं आणि ते बदललं. आधी हळूहळू. विंडोज ९८ बरोबर ‘विंडोज अपडेट’ हे संकेतस्थळ आलं. तिथे आपण होऊन जायचं, यादी बघायची, हवं ते उतरवून घ्यायचं. २००० साली ‘विंडोज मी’ (Me) नावाच्या आवृत्तीत आपोआप अपडेट घेण्याची सोय आली. पण खरा धक्का २००३चा. विंडोजच्या सुरक्षेतल्या एका भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी जाहीर केली. ११ ऑगस्टला त्याच भोकातून शिरणारा ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर आपणहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, पसरला. मधे २६ दिवस होते. दुरुस्ती तयार होती, फुकट होती, फक्त ती घरोघरच्या मशीनवर पोचलेली नव्हती. ब्लास्टर लागला की पडद्यावर एक चौकट यायची, साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायचा. मोडेमवर दुरुस्ती उतरवायला जावं तर ती उतरायच्या आत मोजणी संपायची. शिवाय त्या वर्ममध्ये असंही लिहिलेलं होतं की १६ ऑगस्टपासून लागण झालेल्या सगळ्या कॉम्प्युटरांनी मिळून विंडोज अपडेटच्या पत्त्यावर हल्ला चढवायचा. जिथून औषध मिळायचं ते दारच अडवायचं! कंपनीने तो पत्ता सोडूनच दिला. खरी सेवा वेगळ्या पत्त्यावर चालत होती म्हणून निभावलं.

हे मी सविस्तर सांगते आहे, कारण आपोआप अपडेट होण्याच्या विरुद्ध बोलणारे माझे कित्येक मित्र हे विसरतात. माझ्या मशीनवरचं भोक मी बुजवलं नाही तर त्यातून शिरलेला वर्म पुढे शेजाऱ्याच्या मशीनकडे जातो. ‘माझा कॉम्प्युटर, माझी मर्जी’ हे फ्लॉपीच्या काळात खरं होतं. नेटला जोडल्यानंतर ते पूर्ण खरं राहिलं नाही. पाठवणारे जे घाई करतात त्यामागे ही भीती असते आणि ती खरी असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा वर्म पसरला, तेव्हाही त्याच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती.

ब्लास्टरनंतर दोन गोष्टी झाल्या. ऑक्टोबर २००३ पासून दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकत्र निघू लागल्या, आजही निघतात. आणि ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे दुरुस्त्यांचा मोठा गठ्ठा, आला. त्याची घरी पोचवणी हाच एक मोठा प्रश्न होता. पूर्ण पॅक साधारण २६६ एमबीचा. ५६केच्या मोडेमवर सेकंदाला पाच केबी पदरात पडले तरी नशीब, म्हणजे पंधरा तास लाइन अडकवून ठेवायची. म्हणून मायक्रोसॉफ्टने मागेल त्याला त्याची सीडी फुकट पाठवली, टपालाने. उबुंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनीही २००५ पासून २०११ पर्यंत हेच केलं. आपला पत्ता कळवायचा आणि काही आठवड्यांनी पुठ्ठ्याच्या पाकिटात अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम दारात. जास्त सीडी मागितल्या तर त्याही येत, ओळखीच्यांत वाटायला. टपालाने आलेल्या सीडीचं मला आजही अप्रूप आहे. ती टेबलावर पडून राहू शकते. चार दिवस विचार करता येतो. तिला कुणी ढकलत नाही.

सर्व्हिस पॅक २ बसवून मशीन पहिल्यांदा सुरू झालं की डेस्कटॉप दिसायच्या आधी एक पूर्ण पडदा भरून प्रश्न येत असे: स्वयंचलित अपडेट सुरू करायची, की आत्ता नको? उत्तर कोणतं द्यावं हे कंपनीने सुचवलेलं होतंच, पण विचारलं होतं. घरच्या माणसाला इतक्या सरळपणे विचारलेला प्रश्न मला त्यानंतर क्वचित दिसला. बाबांनी तेव्हा ‘सुरू करा’ म्हटलेलं मला आठवतं. वर्मच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. दुरुस्ती येणार असेल तर येऊ दे, एवढाच त्यांचा विचार होता.

माझं सगळं म्हणणं याच ठिकाणी अडतं. तो ‘हो’ दुरुस्तीसाठी दिलेला होता. पुढच्या वीस वर्षांत त्याच नळातून बदलही येऊ लागला. नवा मेनू, नव्या जागी नेलेली बटणं, न मागितलेले प्रोग्रॅम, जुन्या ड्रायव्हरांना, म्हणजे स्कॅनर-प्रिंटरसारखी उपकरणं चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना, सोडचिठ्ठी. गळकं छप्पर बुजवायला म्हणून गवंड्याला घराची किल्ली द्यावी, आणि एके सकाळी उठून पाहावं तर त्याने जिना दुसऱ्या भिंतीला नेऊन लावलेला. जिना नवा असेल, कदाचित जास्त भक्कमही असेल. पण अंधारात उतरताना पाय जुन्याच ठिकाणी पडतो.

दुरुस्ती आणि बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची परवानगीही वेगळी मागायला हवी. दुरुस्ती आपोआप व्हावी, याच्या मी पूर्ण बाजूने आहे. बदलाला मात्र दर वेळी विचारलंच पाहिजे.

दोन्ही एकत्र करायला फुकटपणाचाही हातभार लागला. अॅपलने २०११ मध्ये मॅकच्या सिस्टिमची लायन ही आवृत्ती मुख्यतः डाऊनलोड म्हणून दिली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये मॅव्हरिक्स फुकट दिली. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं, तेही विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना वर्षभर फुकट. पैसे द्यायचे असतात तेव्हा व्यवहार करताना माणूस थबकतो, विचारतो, पुढे ढकलतो. ते थबकणं गेलं. फुकट गोष्ट कुणाला नको असेल, हे देणाऱ्याच्या लक्षातच येईनासं झालं असावं. २०१६च्या सुरुवातीला विंडोज १०चं अपग्रेड ‘शिफारस केलेल्या’ अपडेटांच्या यादीत गेलं, म्हणजे ज्यांनी अशी अपडेट्स आपोआप घ्यायला मान्यता दिली होती त्यांच्याकडे ते आपसूक उतरू लागलं. आणि त्याच वर्षी मे महिन्यात असं झालं की त्याच्या सूचनेच्या चौकटीवरची कोपऱ्यातली फुली दाबली, तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होईना. फुली म्हणजे ‘नको’, हे त्याच कंपनीने लोकांना वीस वर्षं शिकवलं होतं. पुढे स्पष्ट नकाराचा पर्याय दिला गेला, आणि तेव्हा आपण मर्यादा ओलांडली हे कंपनीच्या वरिष्ठांनीही जाहीरपणे मान्य केलं. पण त्या काही आठवड्यांत माझ्या ओळखीच्या किमान चार घरांत अपडेटची सेवाच बंद करून टाकली गेली. बदल नको म्हणून दुरुस्तीलाही दार लावलं. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. दोन्हींना दार एकच होतं.

आता पाठवणाऱ्याच्या खुर्चीतून जे दिसतं ते सांगते, कारण त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

नवी आवृत्ती कधीच एकदम सगळ्यांना जात नाही. आधी शेकड्याला एक, मग पाच, मग पंचवीस, अशी ती तुकड्यातुकड्यांनी सोडतात. प्रत्येक तुकडीनंतर तक्ता बघायचा: किती ठिकाणी नीट बसली, किती ठिकाणी मधेच मेली, किती जणांनी काढून टाकली. तक्त्यावर एक रेघ असते. ती सपाट असेल तर पुढची तुकडी. एकदा आमच्या पहिल्या तुकडीतून फक्त चार तक्रारी आल्या. चौघांचं म्हणणं एकच, जुन्या नोंदी दिसत नाहीत. हजारो घरांत चार. रेघ सपाटच होती. मी ती पत्रं वाचली, उद्या बघू म्हटलं आणि पुढची तुकडी सोडू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सहकारिणीने वितरण थांबवलं. नोंदी पुसल्या गेल्या नव्हत्या, नव्या आवृत्तीला त्या सापडत नव्हत्या एवढंच. दोन दिवसांत सगळं पूर्ववत झालं. पण त्यातल्या एका बाईंचं पत्र माझ्याकडे अजून आहे. “माझ्या बारा वर्षांच्या नोंदी कुठे गेल्या ते कृपया सांगाल का?” इतकंच त्यात आहे. रागाचा एक शब्द नाही. ती रात्र त्यांनी कशी काढली असेल, हे मला त्या सपाट रेघेवरून कधीच कळलं नसतं.

म्हणून ऑक्टोबर २०१८ची हकिगत वाचताना मला घाम फुटला होता. विंडोज १०ची त्या महिन्यातली आवृत्ती २ तारखेला निघाली आणि चारच दिवसांत थांबवावी लागली, कारण काही लोकांच्या फाइली नाहीशा होत होत्या. कारण मोठं शिकवणारं होतं. काही जणांनी आपलं ‘डॉक्युमेंट्स’चं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेलं होतं. मूळ जागचं फोल्डर आता रिकामं, निरुपयोगी असणार असं धरून नव्या आवृत्तीने ते साफ केलं. पण काहींच्या त्या जुन्या फोल्डरात फाइली राहिलेल्या होत्या. नोंदवलेल्या तक्रारी, कंपनीच्याच शब्दांत, एक टक्क्याच्या शंभराव्या भागाइतक्या. दहा हजारांत एक. आणि ही अडचण चाचणी करणाऱ्या स्वयंसेवकांनी आधीच कळवलेली होती. पण तक्रारींचा क्रम ‘मलाही असंच झालं’ म्हणणाऱ्यांच्या संख्येवर लागत होता, आणि असं म्हणणारे थोडे होते. नंतर तिथे तक्रार किती गंभीर आहे हे सांगण्याचीही सोय केली गेली. सुधारलेली आवृत्ती १३ नोव्हेंबरला पुन्हा निघाली.

दहा हजारांत एक हा आकडा पाठवणाऱ्याला फार चांगला वाटतो. मलाही वाटला असता. ज्याच्या फाइली गेल्या त्याच्या घरी मात्र तो शंभर टक्केच असतो.

या पोचवणीचा सगळा डोलारा डिजिटल सहीवर उभा आहे. आलेलं पुडकं खरंच ज्याच्या नावाचं त्याच्याकडूनच आलं, हे कॉम्प्युटर त्या सहीवरून ओळखतो. २०१२ मध्ये फ्लेम नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर उघडकीला आलं. त्याने एका जुन्या, कच्च्या गणिती पद्धतीचा फायदा घेऊन मायक्रोसॉफ्टचीच भासावी अशी खोटी सही बनवली होती आणि एकाच जाळ्यातल्या मशीनांना ते खोट्या अपडेटच्या रूपाने लागण करत होतं. ते दार ताबडतोब बंद केलं गेलं. सही खोटी निघाल्यावर सगळे खडबडून उठले. सही खरी पण पुडक्यात न मागितलेलं काही, अशा वेळी मात्र कुणी उठत नाही.

वेगळं करता येत नाही, असं नाही. डेबियन या फुकट सिस्टिममध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्यांचं भांडार कित्येक वर्षं स्वतंत्र आहे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात आणि पुढच्या आवृत्तीवर जायचं की नाही ते घरचा माणूस ठरवतो. अॅपलने २०२३ मध्ये फक्त सुरक्षेपुरत्या छोट्या दुरुस्त्या पाठवून पाहिल्या, आणि त्या बसवल्यावर परत काढताही येत होत्या. बाबांसारखं ताटकळत बसणंही अटळ नाही. गूगलची सिस्टिम असलेल्या क्रोमबुक लॅपटॉपमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती असतात. तुम्ही एकीत काम करत असता तेव्हा नवी दुसरीत मांडली जाते, आणि पुढच्या वेळी मशीन सुरू झालं की तुम्ही थेट त्या दुसरीत. तिथे काही बिनसलं तर पहिली आहेच.

सगळ्यात नवल मला विंडोज १०च्या शेवटाचं वाटतं. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा आधार संपला. पुढच्या आवृत्तीला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालणारी पुष्कळ मशीनं दाराबाहेर राहिली. त्यांच्यासाठी आणखी एक वर्ष मुदतवाढ ठेवली गेली, आणि त्या वर्षात घरगुती मशीनला मिळतात त्या फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. नवं बटण नाही, हललेला मेनू नाही. मी इतकी वर्षं जे मागते आहे तेच! पण ते मिळालं सिस्टिमच्या अखेरच्या वर्षात.

तर, त्या सकाळी बाबांचा आकडा शंभरावर पोचायला दुपार झाली. डायऱ्या सगळ्या जागच्या जागी होत्या. स्कॅनर मात्र ओळखेना. त्याच्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती निघालेलीच नव्हती. मी दोन तास खटपट करून दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून तो चालवला. बटणं आता वेगळी आहेत. बाबांनी ती एका वहीत चित्रं काढून लिहून घेतली, कोणतं आधी, कोणतं नंतर. त्याच वहीच्या मागच्या पानावर त्यांनी त्या दिवसाची तारीख घालून ‘न विचारता’ असं लिहिलं.

जाण्यापूर्वी मी अपडेट थेट बसण्याऐवजी आधी सूचना येईल अशी व्यवस्था करून दिली. परवा त्यांचा फोन आला. सूचना आली होती. “यात दुरुस्ती किती आणि बदल किती, ते कुठे लिहिलंय?” त्यांनी विचारलं. मी इकडे कंपनीचं पत्रक उघडून त्यांना वाचून दाखवू लागले. बुजवलेल्या भोकांची लांब यादी होती, त्यातली दोन तर आधीपासूनच वापरली जात असलेली. आणि त्याच पुडक्यात फोल्डर उघडण्याच्या खिडकीची नवी मांडणी. ज्या खिडकीतून ते रोज पान उचलतात, तीच.

“पहिलं घेतो, दुसरं नको,” ते म्हणाले.

“तसं करता येत नाही, बाबा. बटण एकच आहे.”

थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “१९५२च्या डायरीची अकरा पानं राहिलीत. ती संपेपर्यंत थांबवता येईल?” एक आठवडा थांबवता येईल, असं मी सांगितलं. ती दोन भोकं कोणती आणि त्यांतून काय होऊ शकतं तेही सांगितलं, लपवलं नाही. अनोळखी पत्रं उघडू नका म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि आठवडा घेतला.

त्यांच्या जागी मी असते तर त्याच रात्री बसवलं असतं. त्यांना तसं म्हटलंही. आता रोज रात्री जेवणं झाली की मी फोन करते आणि किती पानं झाली ते विचारते. काल सात राहिली होती.